कुतुपालोंगची चढण: रोहिंग्या शिबिरांत बाळंतपणाच्या वाटेवर पाच दिवस

पहिला दिवस: कॉक्स बाजार

सप्टेंबर २०२३चा दुसरा आठवडा. पाऊस जाता जाता रेंगाळतो, तसा इथेही रेंगाळलेला. ढाक्याहून तासाभराचं विमान, बाहेर पडल्यावर टमटम. इथे बॅटरीच्या रिक्षेला टमटम म्हणतात आणि गॅसवर चालणाऱ्या रिक्षेला सीएनजी. हॉटेलांची रांग, लांबलचक वाळू, हनिमूनला आलेली जोडपी. इथून पस्तीसेक किलोमीटरवर कुतुपालोंगला, म्यानमारमधून पळून आलेल्या रोहिंग्यांची, जगातली सगळ्यात मोठी निर्वासित वस्ती आहे, हे या किनाऱ्यावर कुणाच्या ध्यानातही येणार नाही.

परवान्याबद्दल थोडक्यात: शिबिरात जायचा पास शरणार्थी मदत व प्रत्यावर्तन आयुक्तांच्या कार्यालयातून मिळतो. नाव, पासपोर्ट, कोणत्या तारखेला कोणत्या क्रमांकाच्या शिबिरात, हे सगळं आधी कळवावं लागतं. एका शिबिराचा पास शेजारच्या शिबिरात चालत नाही, मधे नुसती गटाराची फळी ओलांडायची असली तरी. दुपारी चारच्या सुमाराला बाहेरच्या माणसांनी निघायचं असतं. म्हणून महत्त्वाचं काम सकाळी ठेवावं.

रात्री जेवायला लोइट्टा फ्राय मागवलं. ताटात आले कुरकुरीत बोंबील! रूपचांदा म्हणजे पापलेट आणि शुटकी म्हणजे आपली सुकी मासळी, फक्त मिरची लसणीसोबत ठेचून भरता केलेली. कोकणातल्या माणसाचं इथे दुभाष्यावाचून भागेल, निदान ताटापुरतं तरी.

जेवताना कागदावर एक हिशेब मांडून ठेवला, तो पुढचे चार दिवस कामी आला. आपत्तीत प्रजनन आरोग्यासाठी ‘किमान प्राथमिक सेवा संच’ नावाची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. शक्य तर पहिल्या ४८ तासांत ती सुरू करायची असते आणि खरे आकडे हाती येईपर्यंत ठोकताळ्यांवर चालायचं असतं. दहा हजारांची वस्ती धरा. त्यात साधारण २५ टक्के बायका मूल होण्याच्या वयातल्या, म्हणजे २,५००. हजारी ४० जन्म धरले तर वर्षाला ४००, तीन महिन्यांत १००. त्या शंभरातल्या पंधराएक जणींना काहीतरी गुंतागुंत होणार आणि पाच ते पंधरा जणींना सिझेरियन लागणार. कोणत्या पंधरा, ते आधी कुणालाच सांगता येत नाही. नाव नोंदवलेली, गोळ्या घेतलेली, धडधाकट बाईसुद्धा वार पडल्यावर अर्ध्या तासात पांढरीफटक पडू शकते. म्हणूनच ‘जोखमीच्या’ बायका आधी निवडून तेवढ्यांचीच सोय करायची, हा जुना मार्ग फसला.

उखिया आणि टेकनाफ या दोन उपजिल्ह्यांत मिळून ३३ शिबिरं आहेत, माणसं नऊ लाखांहून जास्त. हिशेब त्या पटीत वाढवून बघा.

दुसरा दिवस: प्रसूतिकक्ष

कुतुपालोंगचं मूळ शिबिर १९९१-९२ साली आलेल्या लोकांचं. २५ ऑगस्ट २०१७ नंतर काही महिन्यांत सात लाखांहून जास्त माणसं सीमा ओलांडून आली आणि आजूबाजूच्या वनखात्याच्या टेकड्या झाडं तोडून वस्तीला लागल्या. टेकड्या मातीच्या आणि भुसभुशीत. पायऱ्या म्हणजे वाळूच्या पिशव्या आणि त्यांना बांबूची कड. आजचं केंद्र अशाच एका टेकडीच्या पायथ्याशी आहे: बांबू, ताडपत्री, खाली सिमेंटचा कोबा. प्रसूतीचे दोन टेबल, एक खाट, चोवीस तास उघडं.

इथल्या सुईणी म्हणजे तीन वर्षांची पदविका घेतलेल्या परिचारिका-दर्जाच्या मुली. बांगलादेशात हा अभ्यासक्रम २०१३ च्या सुमारास सुरू झाला. त्याआधी ‘मिडवाइफ’ हा स्वतंत्र पेशा देशात जवळजवळ नव्हताच. रात्रपाळीची मुलगी रंगपूरकडची होती. तिला रोहिंग्या समजायला तीन महिने लागले. रोहिंग्या भाषा चटगावच्या बोलीला जवळची, ढाक्याच्या बांगलाला नाही. दुभाषी शोधताना ‘बांगला येते का’ हे विचारून उपयोग नाही. चटगावकडची बाई हवी, आणि बाईच हवी.

टेबलाशेजारच्या ट्रेवर ऑक्सिटोसिन, म्हणजे गर्भपिशवी आवळून रक्तस्राव रोखणारं औषध, भरलेली सिरिंज तयार असते. बाळ बाहेर आलं, पोटात दुसरं नाही हे हाताने चाचपलं की एका मिनिटात १० युनिट मांडीत. हे एक इंजेक्शन वेळेवर आणि दमदार मिळालं तर निम्मी लढाई तिथेच होते. दमदार हा शब्द मुद्दाम वापरला. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. उन्हाच्या पत्र्याखाली आठवडाभर राहिलेलं औषध दिसायला तसंच पाण्यासारखं असतं, सुईण ते देते, गर्भपिशवी मात्र आवळत नाही. मग दुसरं, तिसरं. दोष बाईच्या नशिबावर जातो.

वाटेत थांबलेल्या एका केंद्रात (नाव नको) फ्रिज होता आणि त्याच्या दारावर तापमानाचा तक्ताही होता. सकाळ-संध्याकाळ रोज ‘४’, महिनाभर. एवढा एकसारखा तक्ता दिसला की फ्रिज उघडून बघावा. आत काटा १३ वर होता, सौर पॅनलवर वेल चढली होती आणि ऑक्सिटोसिन दाराच्या कप्प्यात. दाराचा कप्पा म्हणजे फ्रिजमधली सगळ्यात उबदार जागा. शिवाय लसींचा फ्रिज शेजारच्याच खोलीत चांगला चालू होता, पण ‘तो लसीकरणवाल्यांचा’. लसींच्या शीतसाखळीत ऑक्सिटोसिन ठेवायला हरकत नाही, हे जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ दोघांनी सांगून झालंय. भिंतीपलीकडे ते पोचलेलं नव्हतं. फ्रिजचा भरवसा नसेल तर उष्णता सोसणारं कार्बेटोसिन, १०० मायक्रोग्रॅम, ३० अंशांपर्यंत टिकतं. तेही नसेल तर मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या, ६०० मायक्रोग्रॅम तोंडावाटे.

रक्त मोजणं हा दुसरा विषय. नजरेने अंदाज केला तर जवळजवळ नेहमीच कमी येतो. कोब्यावर सांडलेलं, कपड्यात जिरलेलं धरलंच जात नाही. पायथ्याच्या केंद्रात बाईच्या कमरेखाली मोजपट्टीची प्लास्टिकची पिशवी लावतात. शंकूसारखी खाली उतरते, ३०० आणि ५०० मिलिवर रेषा. रेषेला रक्त टेकलं की वाट बघायची नाही, पाची गोष्टी एका दमात करायच्या: गर्भपिशवीला मालिश, ती आवळणारं औषध, रक्तस्राव रोखणारं ट्रॅनेक्झॅमिक आम्ल १ ग्रॅम शिरेतून दहा मिनिटांत, सलाईन, आणि लघवीची पिशवी रिकामी करून फाटलंय का, वारेचा तुकडा राहिलाय का ते बघणं. पूर्वी एक करून बघायचं, नाही जमलं तर दुसरं, अशी पायरी-पायरीची सवय होती. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांत हा ‘एकदम’ मार्ग वापरून पाहिला आणि गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी घटले. तो अभ्यास २०२३ सालीच छापून आला. ट्रॅनेक्झॅमिकची घड्याळाशी गाठ आहे: बाळंतपणानंतर तीन तासांच्या आत, पुढे फायदा नाही.

दुपारी जोराची सर आली आणि ताडपत्रीवर एवढा आवाज झाला की कळा देणाऱ्या बाईला सुईण काय सांगतेय ते ऐकू येईना. दोघी हाताच्या खुणांवर आल्या. बाळ दोन वाजून दहा मिनिटांनी झालं, रडलं, ते मात्र पावसातही ऐकू आलं. नाळेला क्लोरहेक्झिडिन हे जंतुनाशक, ७.१ टक्के, लावलं. ही बांगलादेशाची सरकारी पद्धत आहे, आणि नाळेला राख किंवा तेल लावायची घरगुती सवय मोडायला तिचा उपयोग होतो, कारण काहीतरी ‘लावलं’ याचं समाधान आजीला मिळतं. नंतर टाके घालायची वेळ आली तेव्हा दिवा गेला. सुईणीने मोबाइलचा टॉर्च लावून फोन दातांत धरला. सवयीचं दिसत होतं.

जाणाऱ्यांसाठी: मागे पट्टा असलेल्या, चिखलात न निघणाऱ्या चपला घाला, बूट सुकत नाहीत. प्रसूतिकक्षात कॅमेरा नेऊच नये. परवानगी विचारली तर बाई ‘हो’ म्हणते, पण ज्याच्या हाती आपलं औषध आहे त्याला कोण नाही म्हणणार?

तिसरा दिवस: चौदा मिनिटं

आजचा पूर्ण दिवस चढणीवर. प्रसूतीतल्या मृत्यूंमागे तीन उशीर असतात, अशी १९९४ पासूनची मांडणी आहे: घरातून निघायचं ठरवायला उशीर, पोचायला उशीर, पोचल्यावर उपचार मिळायला उशीर. काल तिसरा पाहिला होता. औषधं आणि यंत्रं बोटीने, विमानाने आणता येतात, म्हणून देणगीदारांचा पैसा तिसऱ्याकडे धावतो. इथे बाई अडकते ती पहिल्या दोनांत.

सोबत रोहिंग्या स्वयंसेविका होती, छत्री आणि नोंदवही घेऊन. निर्वासितांना रीतसर नोकरी करता येत नाही, म्हणून सगळे ‘स्वयंसेवक’, ताशी मानधनावर. गटाच्या प्रमुखाला इथे माझी म्हणतात. आपल्या ‘माझी’शी संबंध नाही, शब्द नावाड्याचा. तो बरोबर असल्याशिवाय घरांत शिरू नये.

टेकडीच्या माथ्यावरच्या एका घरापासून केंद्रापर्यंत घड्याळ लावलं: दिवसा, उघडीप असताना, मोकळ्या हातांनी चौदा मिनिटं. २१२ पायऱ्या, त्यातल्या अकरा वाहून गेलेल्या. आता तीच वाट रात्रीची, पावसातली, आणि कळा येणारी बाई खुर्चीत. खुर्ची म्हणजे प्लास्टिकचीच, दोन बाजूंना बांबू बांधलेले. आपल्याकडे डोंगरवाडीवरून झोळी आणतात तसंच. चार पुरुष लागतात. खुर्ची उतारावर पुढे कलते, म्हणून बाईचं तोंड वर चढणीकडे ठेवायचं आणि कमरेला ओढणीने खुर्चीशी बांधायचं. पाठीकडून उतरायचं हे बाईला पटत नाही, घसरल्यासारखं वाटतं, पण दुसरा मार्ग नाही. स्वयंसेविकेच्या मते रात्री पाऊण तास धरावा. गर्भपिशवी सैल पडून धो-धो रक्त जाणाऱ्या बाईकडे साधारण दोन तास असतात. त्यातला पाऊण तास या पायऱ्यांवर जातो, पुढचं सगळं उरलेल्यात.

त्याआधी चार माणसं उठवायची. त्याआधी नवऱ्याचा होकार, तो शेजारच्या शिबिरात असेल तर निरोप. त्याआधी सासू. त्याआधी बुरखा, तो भिजलेला असेल तर शेजारणीचा. हे हसण्यावारी नेऊ नका: बुरख्याविना बाई दाराबाहेर येणार नाही, म्हणून आठव्या महिन्यातल्या भेटीत स्वयंसेविका विचारते की कोरडा बुरखा कुठे ठेवलाय, रात्री मुलांना कोण बघेल, खुर्ची कुणाकडे आहे, चार माणसांची नावं काय. चारही उत्तरं वहीत. नुसतं ‘वेळेवर या’ सांगण्यापेक्षा हे कितीतरी कामाचं. रात्री बाहेर पडायची भीती वेगळीच, ती वहीत येत नाही. अंधार पडल्यावर हत्यारबंद टोळ्यांचा वावर असतो आणि तपासणी नाक्यावर पुरुषांच्या घोळक्याला थांबवतात. एका गटाने यावर साधा तोडगा काढला होता, खुर्चीला लाल कापड आणि दिवा. लांबून नाक्यावरच्या शिपायाला कळतं, काय चाललंय ते.

दुपारी एका दाईच्या घरी बसलो. बसायला चटई, हातात तांदळाच्या पिठाची भाकरी, लुरी फिरा, अगदी आपल्या तांदळाच्या भाकरीची बहीण. दाईने तिकडे, म्यानमारच्या राखाइन प्रांतात, शेकडो बाळंतपणं केलेली. सरकारी दवाखान्यात जायला तिथे परवाना लागायचा. मौंगडॉ आणि बुथिडाँग या भागांत २००५ पासून रोहिंग्यांना दोनच मुलांची अट होती, म्हणून पुढची गर्भारपणं लपवायची. कागदावर नाव गेलं की काहीतरी वाईट होतं, हे तिथून डोक्यात बसून आलेलं. इथे कुणी गर्भारपणाचं कार्ड काढून घेत नसेल तर त्यामागे अडाणीपणा शोधू नका.

दायांना बंदी करायची की बरोबर घ्यायचं, यावर बरीच वर्षं वाद झाला. बंदी केलेल्या वस्तीत घरी बाळंतपणं होतच राहिली, फक्त कुणी सांगेना. बरोबर घेतलेल्या वस्तीत दाईचं काम बदललं: ती बाईला घेऊन केंद्रात येते, आत बसते, पाठ चोळते, दुवा म्हणते. तिला आत येऊ देणं ही अट आहे. दाराबाहेर ठेवलं तर पुढच्या वेळी ती बाईला आणत नाही, एवढं सरळ.

जी बाई पोचूच शकत नाही तिच्यासाठी स्वच्छ प्रसूतीचं पाकीट: मीटरभर चौरस प्लास्टिक, साबण, नवं ब्लेड, नाळ बांधायच्या फिती, सुती कापड, हातमोजे, चित्रांची सूचना. दहा हजार वस्तीला तीन महिन्यांसाठी अशी २०० पाकिटं एका संचात येतात. चूक हमखास होते ती अशी की पाकिटं दायांना एकगठ्ठा देतात. ती मग ‘तिची’ होतात. पाकीट सहाव्या महिन्यानंतर थेट गर्भारबाईच्या हातात द्यावं, आणि केंद्रात आली तरी ते तिचंच राहील, हे सांगावं.

रक्त किती गेलं हे घरात कसं ओळखायचं? बांगलादेशातच तयार झालेली एक चटई आहे, क्यू-मॅट. पूर्ण भिजली की सुमारे ४०० मिलि, म्हणजे आता निघायचं. दाईला आकडा लक्षात ठेवावा लागत नाही.

संध्याकाळी उतरताना सगळ्यांचे पाय थरथरत होते.

चौथा दिवस: शांतीखाना

बायकांच्या सुरक्षित जागेला इथे शांतीखाना म्हणतात. दारावर पाटी ‘शिलाई वर्ग’. खरोखरच सहा यंत्रं खडखडत असतात, आणि तो आवाज फार कामाचा: मागच्या लहान खोलीतलं बोलणं त्यात बुडून जातं.

बलात्कार झालेल्या बाईसाठी वेळेची रेघ अशी. ७२ तासांच्या आत एचआयव्ही रोखणाऱ्या गोळ्या सुरू, एकूण २८ दिवस. १२० तासांच्या आत गर्भ राहू नये म्हणून लेव्होनॉर्जेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम, एकच गोळी, जेवढी लवकर तेवढी चांगली. लैंगिक आजारांवरची औषधं, हेपॅटायटिस बीची लस, जखमा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. यातल्या कशासाठीही पोलिसांचा कागद लागत नाही. तो मागणारा दरवान किंवा कारकून हे सगळं बंद पाडायला एकटा पुरतो, म्हणून प्रशिक्षण दरवानापासून सुरू करावं. कुमारिकेची ‘तपासणी’ आणि दोन बोटांची चाचणी यांना वैद्यकीय अर्थ काहीच नाही, करूच नये. ७२ तास उलटून आलेल्या बाईला ‘उशीर झाला’ म्हणून परत पाठवणं ही नेहमीची चूक. एचआयव्हीच्या गोळ्यांची वेळ गेली असेल, बाकी सगळं उरलेलंच असतं.

खोलीतलं कपाट बघण्यासारखं होतं. कुलूप, किल्ली दोघींकडेच, फायलीवर नाव नाही, नुसता क्रमांक. गोळ्या मूळ डबीत न देता जीवनसत्त्वांच्या साध्या डबीत देतात, म्हणजे घरी प्रश्न येत नाहीत. २०१७ च्या हल्ल्यांनंतर नऊ महिन्यांनी, मे २०१८ च्या आसपास, कोणती बाळंतपणं येणार आणि त्या बायका पुढे येतील का, या काळजीत इथल्या संस्था होत्या. अनेक जणी आल्याच नाहीत. आता मोठा आकडा नवऱ्याच्या मारहाणीचा आहे. त्या बायका डोकेदुखी आणि पाठदुखी सांगत येतात.

भाषेची एक गंमत: पाळीला धड शब्द आहे, हैज, पण बाई म्हणते गुसोल, म्हणजे अंघोळ. ‘अंघोळ कधी झाली होती?’ असं विचारलं की तारीख बरोबर मिळते. कावळा शिवला म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे समजवायला लागत नाही. पण ढाक्याहून आलेल्या नव्या डॉक्टरने शब्दशः घेतलं तर गर्भाचे महिने चुकतात.

मग ओघाने पाळी नियमन. गर्भपात बांगलादेशात १८६०च्या दंडसंहितेनुसार जीव वाचवण्यापुरताच कायदेशीर आहे. पण १९७९ पासून सरकारी कार्यक्रमात ‘पाळी नियमन’ चालतं: चुकलेली पाळी हाताच्या सक्शनने किंवा गोळ्यांनी आणणं. सक्शन प्रशिक्षित परिचारिका-सुईणींकडून दहा आठवड्यांपर्यंत, डॉक्टरांकडून बारा. त्यापलीकडे येणाऱ्या बाईला नकार मिळतो, आणि नकार मिळालेली बाई काडी किंवा बाजारातल्या कसल्याशा गोळ्या घेऊन आठवड्याभरात ताप आणि घाण वासाचं अंगावरून जाणं घेऊन परत येते. गर्भपातानंतरचे उपचार कितीही आठवड्यांना द्यावेच लागतात, त्यावर बंधन नाही. सक्शनच्या सिरिंजचा रबरी छल्ला सुकला की निर्वात टिकत नाही. रोज वापरण्याआधी दट्ट्या ओढून दोन-तीन मिनिटं ठेवावा आणि बटण सोडल्यावर फुस्स आवाज येतो का बघावं. सिलिकॉनचा थेंब लावला तर तीच सिरिंज बरेच दिवस चालते.

गर्भनिरोधकात तीन महिन्यांच्या इंजेक्शनला तोड नाही. घरात डबी नाही, पाकीट नाही. पण त्याने पाळी अनियमित होते. थोडं थोडं रक्त दिसत राहिलं की नमाज अडते, आणि पाळी बंद झाली तर ‘रक्त आत साठतंय’ असं वाटतं. हे आधी न सांगितलेली बाई दुसऱ्या इंजेक्शनाला येत नाही. उशिराने आलेल्या बाईला हाकलू नये, ठरल्या तारखेनंतर चार आठवड्यांपर्यंत देता येतं.

बाहेर वाळत घातलेले कपडे बघताना एक गोष्ट ध्यानात आली: पाळीची कापडं कुठेच दिसत नव्हती. ती घरात, चटईखाली, ओलीच सुकवतात, आणि खाज-पुरळ घेऊन त्याच दवाखान्यात येतात. गडद रंगाचं कापड आणि न्हाणीच्या आत, वरून उघडी असलेली दोरी, एवढ्याने बराच फरक पडतो. आणि टॉर्च. संडासापर्यंतचा रस्ता रात्री टॉर्चवर असतो. साबण-पॅड-कपड्यांच्या संचातून सगळ्यात आधी घरातले पुरुष पळवतात तोही टॉर्चच, म्हणून एका संस्थेने गुलाबी टॉर्च दिले म्हणे. तरी पळवले.

पाचवा दिवस: सदर रुग्णालयाची वाट

सकाळी आठला पायथ्याच्या केंद्रात पहिलटकरीण आली, आठवा महिना, रात्रीपासून डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी. दाब १७० वर ११०. खाटेवर चढवताना झटका आला. इथून पुढचं सगळं कामाचं आहे म्हणून नीट लिहितो. डाव्या कुशीवर, तोंडात काहीही कोंबायचं नाही, ऑक्सिजन, आणि मॅग्नेशियम सल्फेट. ५० टक्क्यांचं औषध ८ मिलि म्हणजे ४ ग्रॅम, त्यात १२ मिलि निर्जंतुक पाणी, झालं २० टक्के. ते घड्याळ बघत निदान पाच मिनिटांत शिरेतून. मग कुल्ल्यांत इंजेक्शन. जगभरची नेहमीची पद्धत प्रत्येक बाजूला ५ ग्रॅमची. ढाक्याच्या डॉक्टरांनी लहान चणीच्या बायकांसाठी कमी मात्रा रूढ केली, प्रत्येक बाजूला ३ ग्रॅम आणि पुढे दर चार तासांनी २.५. कुल्ल्यातल्या मात्रेचा मोठा गुण असा की पुढचे चार तास पंप लागत नाही, बाई रस्त्यावर असू शकते. चूक होते ती मिलि आणि ग्रॅम यांच्या गोंधळात. पेटीत दोन वेगळ्या तीव्रतेच्या कुप्या ठेवूच नयेत. पुढची मात्रा देण्याआधी तीन गोष्टी: श्वास मिनिटाला निदान १६, गुडघ्यावर ठोकल्यावर पाय उडतोय, लघवी तासाला ३० मिलि. श्वास थांबू लागला तर कॅल्शियम ग्लुकोनेट १ ग्रॅम सावकाश. ही कुपी रुग्णवाहिकेत हवी. केंद्राच्या कपाटात ठेवून ती रस्त्यावर काय कामाची?

नऊ वाजता गाडी निघाली. कॉक्स बाजारच्या सदर, म्हणजे जिल्हा, रुग्णालयापर्यंत रस्ता बरा, पण उखियाच्या बाजारात ट्रकांची कोंडी आणि नाक्यावर थांबा. शिबिराबाहेर जाणाऱ्या निर्वासिताला कागद लागतो, सोबतच्या माणसालाही. नवऱ्याचा कागद आणलेला नव्हता. त्याला उतरवलं. आता सिझेरियनला सही कोणाची, रक्त कोण देणार? सासू होती, तिने अंगठा दिला. म्हणून कागदाच्या पाकिटात आधीपासून दोन सोबत्यांची नावं असावीत, त्यातला एक रक्त देऊ शकेल असा. पाठवणीच्या चिठ्ठीवर काय दिलं आणि किती वाजता दिलं हे ठळक लिहावं. ‘मॅग दिलं’ एवढंच लिहिलं तर पुढचा डॉक्टर एकतर परत देतो किंवा घाबरून देतच नाही. दहा वाजून पंचवीसला पोचलो. बाई शुद्धीवर आली होती.

रक्ताचं गणित जिल्हाभर तंग असतं. २००२च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक पिशवीची पाच तपासण्या: एचआयव्ही, हेपॅटायटिस बी, सी, उपदंश, मलेरिया. शिबिरात हेपॅटायटिस सी फार पसरलेला असल्याने नातेवाइकांच्या पिशव्या बाद होतात. दुसरीकडे बायका आधीच फिक्या. २०२३ सालीच शिध्याचं कार्ड माणशी महिना १२ डॉलरवरून आधी १० आणि जूनमध्ये ८ वर आलं. अंडी, मासळी आधी सुटली. लोहाची गोळी ६० मिलिग्रॅम मिळते, पण उपाशी पोटी मळमळते म्हणून पडून राहते. जिचं हिमोग्लोबिन सातच्या खाली आहे तिला अर्धा लिटर रक्तस्रावही झेपत नाही. शिधा कमी झाल्याचा परिणाम प्रसूतिकक्षात दिसतो, तो असा.

परतताना रामूला चहा घेतला. होप फाउंडेशनचं रुग्णालय इथे आहे, अडलेल्या बाळंतपणानंतर लघवी सतत गळत राहणाऱ्या बायकांच्या, म्हणजे फिस्टुलाच्या, शस्त्रक्रियांसाठी ओळखलं जाणारं. दोन-तीन दिवस अडून राहिलेल्या कळांचं फळ ते. पुन्हा तीच चढण, फक्त या जणी जिवंत राहिल्या.

दुपारी केंद्रात सराव होता. गर्भपिशवी आवळत नसेल तर आतून दाब देण्याची कंडोम-कॅथेटरची पद्धत, ढाका मेडिकल कॉलेजच्या डॉ. सायेबा अख्तर यांनी काढलेली. महागडा फुगा परवडत नव्हता, म्हणून. कॅथेटरच्या टोकावर कंडोम चढवायचा, दोन जागी धाग्याने बांधायचा, चिमट्याने गर्भपिशवीत सरकवायचा, सलाईनची नळी जोडून २५० ते ५०० मिलि भरायचं. रक्त थांबलं की नळी बंद, खाली गॉज. तसंच ठेवून मोठ्या रुग्णालयात पाठवायचं, कारण शस्त्रक्रिया आणि रक्त हाताशी नसताना यावर विसंबणं धोक्याचं. फाटलेल्या जागेतून रक्त येत असेल तर याचा काही उपयोग नाही, ते आधी बघायचं.

सगळी मेख गाठीत. सैल बांधली तर पाणी कडेने गळतं, आवळून बांधली तर कॅथेटरच चिमटतो आणि कंडोम भरतच नाही. पहिल्या चौघींपैकी तिघींच्या गाठी चुकल्या. रंगपूरकडच्या मुलीने धाग्याचे तीन वेढे घेतले, गाठ मारण्याआधी नळीत थोडं पाणी सोडून बघितलं, मग आवळली. प्लास्टिकच्या बाटलीत, गर्भपिशवी म्हणून ठेवलेल्या, कंडोम हळूहळू फुगत भिंतींना टेकला. घड्याळात दोन मिनिटं चाळीस सेकंद.

साडेतीनला माझी दाराशी आला, पासची वेळ. पुढच्या खेपेला कुणी येणार असेल तर काय आणू, असं विचारलं. मॉनिटर, वजनकाटा असं काहीतरी ऐकायची तयारी होती. चौघींनी एकच सांगितलं: डोक्याला बांधायचा दिवा. आणि सेल पेन्सिल मापाचेच असू देत, ते उखियाच्या बाजारात मिळतात.